प्रत बदलली, हे कसे ओळखावे?

दिवाळी सरली की वडशाला नाटकांचा हंगाम लागतो. वैनगंगेकाठचे हे गाव शासकीय कागदपत्रांत देसाईगंज आणि रेल्वे स्थानकाच्या पाटीवर वडसा आहे. झाडीपट्टीच्या रसिकांच्या लेखी मात्र ते आधी नाटकमंडळ्यांचे गाव आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतल्या गावोगावी शंकरपट किंवा मंडईच्या निमित्ताने रात्री उघडलेला पडदा पहाटे पडतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने या रंगभूमीकडे क्षणभर वळून पाहिले. एरवी तिची दखल समीक्षेत क्वचितच घेतली जाते, आणि तिच्या संहितांची तर त्याहून कमी.

या संहिता छापल्या जातात थोड्या. बाकीच्या हस्तलिखित वह्यांत, झेरॉक्सच्या गठ्ठ्यांत आणि अलीकडे संगणकावरच्या फायलींत नांदतात. प्रयोगागणिक त्यांत बदल होतो. एखाद्या गावात हशा मिळालेले वाक्य पुढच्या गावात कायम होते. एखाद्या नटाला जड जाणारे स्वगत हळूहळू आखूड होते. आम्ही मराठीचे काही प्राध्यापक गेली अनेक वर्षे अशा संहिता जमवतो, टंकित करून घेतो आणि जपून ठेवतो. त्या कामात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीने आजच्या लेखाचा विषय आमच्यापुढे आणला.

एका नाटकाच्या दोन फायली आमच्याकडे होत्या. नाव एकच, पृष्ठसंख्या जवळपास सारखी. एकीवरची तारीख अलीकडची होती, दुसरीवरची काही महिने आधीची. अलीकडची ती सुधारलेली असणार, असे मानून आम्ही ती ठेवली आणि आधीची काढून टाकली. पुढे वर्गात दुसरा अंक वाचायला घेतला तेव्हा लक्षात आले की त्यातला एक सबंध संवाद निराळाच आहे. या नाटकात वर्षानुवर्षे काम केलेल्या एका वृद्ध कलावंताने दोन दुपारी आमच्याजवळ बसून तो संवाद झाडीबोलीत जसा रंगमंचावर बोलला जाई तसा सांगितला होता. तो आता फायलीत नव्हता, आणि तो सांगणारे गृहस्थही दरम्यान वारले होते.

घडले होते ते अगदी साधे. कोणीतरी मूळची, न सुधारलेली फाईल छपाईसाठी उघडली आणि बंद करताना जतन केली. एक अक्षरही न बदलता तिला त्या दिवसाची तारीख मिळाली. अशा रीतीने जुना पाठ नव्या तारखेखाली आला आणि नवा पाठ जुन्या तारखेसह केराच्या टोपलीत गेला. पेन्सिलीने केलेल्या टिपणांवरून काही वाक्ये परत मिळाली, बाकीची गेली.

काही दिवस आम्ही याला संगणकाची चूक म्हणत होतो. शांतपणे विचार केल्यावर उमगले की ही चूक आमच्याच विद्येतली होती. पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की प्रतीचे वय आणि पाठाचे वय या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरच्या संगणकासमोर बसताच तोच धडा आम्ही विसरलो होतो. मग कुतूहल वाटले की हा प्रश्न आपल्या परंपरेने कसा सोडवला, आणि ज्यांचा दिवसभर फायलींशीच संबंध येतो त्या संगणक-अभियंत्यांनी कसा सोडवला. दोन्हीकडच्या वाटा आम्हाला वाटले होते त्यापेक्षा बऱ्याच जवळून जातात.

मोजदाद आणि पुनरुक्ती

मजकुरात बदल झाला आहे हे ओळखण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी आणि कदाचित सर्वांत कडक व्यवस्था लेखनाआधीची, म्हणजे पाठांतराची आहे. वैदिक परंपरेने संहितापाठ आणि पदपाठ यांच्या जोडीला क्रमपाठ ठेवला. त्यावर जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन अशा आठ विकृती रचल्या. क, ख, ग ही तीन पदे घेतली तर घनपाठात ती ‘कख, खक, कखग, गखक, कखग’ अशा क्रमाने येतात. सरळ वाचनात एखादे पद निसटले तर कदाचित खपून जाईल. परंतु तेच पद उलटसुलट इतक्या वेळा यायचे असेल तर चूक स्वतःच ओरडून उठते. बरोबर पाठ एकदा सांगण्यापेक्षा तोच अनेक मार्गांनी सांगून ते मार्ग एकमेकांशी जुळतात का हे पाहणे, असे या युक्तीचे स्वरूप आहे.

दुसरी युक्ती मोजण्याची. शौनकाच्या नावावर असलेल्या अनुक्रमणींत ऋग्वेदाच्या ऋचांचीच नव्हे, तर पदांची आणि अक्षरांचीही गणती सांगितली जाते. पुढे लेखनाच्या काळात नकलकार पोथीच्या शेवटी ‘ग्रंथाग्र’ किंवा ‘ग्रंथसंख्या’ देऊ लागले. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून सबंध मजकूर किती भरतो याची ती नोंद. तिच्यावर लेखनिकाचा मोबदला ठरे, आणि पोथी पुरी आहे की मधली पाने गहाळ आहेत हेही तिच्यावरून ताडता येई. आजच्या भाषेत याला फाईलचा आकार तपासणे म्हणता येईल.

मोजणीची मर्यादा मात्र उघड आहे. आठ अक्षरे काढून दुसरी आठ घातली तर बेरीज तीच राहते. मात्रा, अनुस्वार यांची उलथापालथ तर या गणतीत येतच नाही. संख्या जुळली नाही तर बदल नक्की झाला आहे. परंतु संख्या जुळली म्हणून बदल झालाच नाही, असे म्हणता येत नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे.

तिसरी खूण तारखेची. पोथीच्या पुष्पिकेत शक, संवत्सर, तिथी, वार, लेखनिकाचे नाव आणि गाव दिलेले असते. अभ्यासकाला ती फार मोलाची वाटते, आणि तीच त्याला सर्वाधिक फसवते. नकलकार पुष्पिकेसह नक्कल करतो, तेव्हा नव्या कागदावर जुनी तारीख येते. उलट जुन्या, चांगल्या पोथीची काळजीपूर्वक उतरलेली प्रत शंभर वर्षांनी नव्या तारखेने मिरवते. इटालियन भाषाशास्त्रज्ञ जॉर्जो पास्क्वाली यांनी १९३४ सालच्या आपल्या ग्रंथात उत्तरकालीन प्रती त्याच कारणाने निकृष्ट ठरत नाहीत, असे सूत्रच मांडले. तारीख ही प्रतीची असते, पाठाची नसते. आम्ही जी फाईल काढून टाकली तिच्या बाबतीत आम्ही नेमके याच्या उलट वागलो होतो.

एकनाथांपासून सुखटणकरांपर्यंत

मराठीपुरते बोलायचे तर या प्रश्नाचे भान सर्वांत ठळकपणे एकनाथांपाशी दिसते. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ मधली, म्हणजे इ. स. १२९० ची. सुमारे तीनशे वर्षांत तिच्या इतक्या नकला झाल्या होत्या की पाठभेदांनी मूळ रूप झाकोळून गेले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी प्रती ताडून पाहून तिचे शुद्धीकरण केले, आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये असा खणखणीत इशाराही शेवटी दिला. त्या इशाऱ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ओव्या घातल्या जात होत्या, आणि घातलेली ओवी मूळच्या ओवीत बेमालूम मिसळून जात होती. एकनाथांपाशी अनेक प्रतींची तुलना आणि स्वतःचा कान ही दोनच साधने होती.

महानुभावांनी वेगळी वाट धरली. परंपरा सांगते की म्हाइंभटांचे मूळ लीळाचरित्र खालशाच्या धाडीत नष्ट झाले आणि अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा उभे केले. ज्याच्या त्याच्या स्मरणाप्रमाणे निरनिराळे पाठ तयार झाले. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांना त्यांची किल्ली सापडेपर्यंत ते बाहेरच्यांना अगम्यच राहिले. कुलूप घातल्याने परक्याचा हात लागत नाही, हे खरे. परंतु आपल्याच माणसाच्या हातून नक्कल करताना होणारा फरक कुलपाने थांबत नाही. सकळ लिपीतल्या पोथ्यांतही पाठभेद आहेतच. सुरक्षितता आणि अविकृतता एक नव्हे, हे त्या पोथ्या शिकवतात.

१९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीची एक प्रत छापली. ती एकनाथांच्या संस्कारापूर्वीची आहे असा त्यांचा दावा होता. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला, आणि तो वाद तारखेवरून मिटण्यासारखा नव्हता. भाषेची रूपे, विभक्तीचे प्रत्यय, जुने शब्द या अंतर्गत पुराव्यांवरच तो लढवावा लागला. प्रतीचे वय बाहेरून सांगता येत नसेल तर मजकूर आतून वाचावा लागतो, हे या वादाचे आमच्या विषयापुरते सार.

या सगळ्याला शिस्तीचे रूप आले ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले, १९२५ साली विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले, आणि १९६६ साली, म्हणजे सुखटणकरांच्या निधनानंतर तेवीस वर्षांनी, ते काम पुरे झाले. एकूण १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी वापरली गेली. पद्धत डोळ्यांपुढे आणण्यासारखी आहे. चौकटी आखलेल्या कागदावर आधारभूत प्रतीतला श्लोक एका चौकटीत एक अक्षर असा लिहायचा. मग एकेक पोथी घेऊन जिथे अक्षर निराळे असेल तिथेच, त्याच चौकटीखाली, ते निराळे अक्षर नोंदवायचे. जिथे काही नाही तिथे पाठ सारखा आहे. सबंध पोथी पुन्हा लिहायची नाही, फक्त फरक लिहायचा. आदिपर्वासाठी सुखटणकरांनी सर्वाधिक भरवसा ठेवला तो काश्मिरी शारदा लिपीतल्या पोथीवर. तोही तिच्या वयाकडे पाहून नव्हे, तर तिच्या पाठाचे स्वरूप पाहून.

दुसऱ्या देशी, तोच प्रश्न

महाभारताचे काम संपल्याला आठ वर्षे होत नाहीत तोच अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तसल्याच चौकटींचे काम यंत्राकडे सोपवले गेले. डग्लस मॅकिलरॉय यांनी लिहिलेला ‘डिफ’ हा प्रोग्राम १९७४ साली युनिक्स प्रणालीबरोबर बाहेर पडला. दोन फायली दिल्या की तो कोणत्या ओळी गेल्या, कोणत्या आल्या, कोणत्या बदलल्या हे दाखवतो. सारखे ते वगळायचे आणि भिन्न तेवढे मांडायचे, ही भांडारकर मंदिरातलीच रीत. एका संस्थेने दुसरीकडून ती घेतली असे मुळीच नाही. मजकूर ही वस्तूच अशी आहे की तिच्या नकला सांभाळणाऱ्याला फिरून फिरून याच ठिकाणी यावे लागते.

त्याच प्रयोगशाळेत १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचे साधन तयार केले. त्याची जन्मकथा त्यांनी स्वतःच सांगितली आहे. एके दिवशी स्टीव्ह जॉन्सन हे सहकारी नशिबाला बोल लावत त्यांच्या खोलीत शिरले. चूक नसलेल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात त्यांची सकाळ वाया गेली होती. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. पण दुरुस्त केलेल्या मजकुरावरून यंत्राला चालवण्याजोगी नवी प्रत घडवायची राहून गेली होती. परिणामी मजकूर नवा आणि चालणारी प्रत जुनी. आदल्याच संध्याकाळी फेल्डमन यांचाही वेळ याच गोंधळात गेला होता.

साहित्याच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करायला हवा. प्रोग्राम लिहिणारा माणसाला वाचता येईल अशा भाषेत मजकूर लिहितो. त्याला मूळ संहिता म्हणू. तिच्यापासून यंत्राला कळणारी प्रत घडवावी लागते. तिला प्रयोगाची प्रत म्हणू. मोठ्या कामात अशा शेकडो, हजारो संहिता असतात. प्रत्येक दुरुस्तीनंतर सगळ्यांच्या प्रती नव्याने घडवल्या तर फार वेळ जातो, आणि बदललेली एखादी सुटली तर जॉन्सनची सकाळ होते. तेव्हा नेमक्या कोणत्या संहिता बदलल्या हे खात्रीने ठरवणे हा सगळ्या कारभाराचा पाया ठरतो.

‘मेक’ने त्यासाठी पुष्पिकेवर विसंबायचे ठरवले. संहितेच्या फायलीवरची तारीख व वेळ घडवलेल्या प्रतीवरच्या तारखेनंतरची असेल, तर संहिता बदलली असे समजून प्रत पुन्हा घडवायची. नियम सुबक, साधा आणि वेगवान. फाईल उघडून वाचण्याची गरजच नाही. वेष्टनावरचा शिक्का पाहिला की झाले. गेली पाच दशके हे साधन वापरात आहे आणि २००३ साली संगणकशास्त्राच्या जागतिक संघटनेने त्याबद्दल फेल्डमन यांचा गौरवही केला.

तरीही पुष्पिकेने पूर्वी ज्यांना ज्यांना फसवले त्यांच्यासारखेच याही नियमाला तिने फसवले. फाईल न बदलता नुसती जतन केली तर तारीख पुढे सरकते आणि विनाकारण सगळे पुन्हा घडवले जाते. त्यात फक्त वेळ जातो. उलटी फसगत अधिक वाईट असते. जपून ठेवलेल्या साठ्यातून जुनी फाईल तिच्या जुन्या तारखेसह परत आणली, तर मजकूर बदललेला असतो, तारीख मात्र मागची असते, आणि साधन काहीच घडले नाही असे समजून स्वस्थ राहते. जाळ्याने जोडलेल्या दोन संगणकांची घड्याळे दोन मिनिटांनी पुढेमागे असली तरी हाच घोळ होतो. त्यात घड्याळाचा काटा किती बारीक, हाही प्रश्न असतो. जुन्या फॅट पद्धतीच्या साठवणीत फाईल बदलल्याची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदवली जाते. त्या दोन सेकंदांत फाईल दोनदा बदलली तर नोंदीपुरते दोन्ही बदल एकाच क्षणाचे.

यावर कोणी सुचवील की तारीख नंतर कशाला पाहायची? फाईल बदलते त्याच क्षणी प्रणालीनेच वर्दी द्यावी. तसेही झाले. २००५ साली लिनक्समध्ये ‘आयनोटिफाय’ नावाची सोय आली. फायलीला हात लागला की ती कळवते. परंतु बदल फार वेगाने होऊ लागले तर वर्द्यांची रांग भरून वाहते आणि पुढच्या वर्द्या गळतात. शिवाय कित्येक लेखनसाधने जुनी फाईल दुरुस्त करण्याऐवजी नवी लिहून जुनीच्या जागी ठेवतात. पहारेकरी मात्र जुनीवरच नजर ठेवून बसलेला असतो. आणि पहारेकरी झोपेत असताना, म्हणजे साधन बंद असताना, झालेल्या बदलाची वर्दी कोण देणार? शेवटी पुन्हा फायलींपाशी जाऊन पाहावेच लागते.

मजकुराचेच नाव मजकुराला

सुटका झाली ती तारीख सोडून मजकुराकडे वळल्यावर. ग्रंथाग्राची मर्यादा आपण वर पाहिली. ती नुसती बेरीज असते, म्हणून अदलाबदल तिला कळत नाही. समजा अशी मोजणी योजली की जिच्यात प्रत्येक अक्षर, त्याचे स्थान, अनुस्वार, मोकळी जागा या सगळ्यांचा हिशेब मिसळत जाईल आणि शेवटी ठरावीक लांबीची एक खूण उरेल. एक अनुस्वार हलला तरी ती खूण ओळखू येणार नाही इतकी बदलेल. संगणकशास्त्रात अशा खुणेला ‘हॅश’ म्हणतात. आम्ही तिला मजकुराचा अंगठा म्हणतो. रोनाल्ड रिव्हेस्ट यांची ‘एमडी-५’ ही रीत १९९० च्या दशकाच्या आरंभी आली आणि १९९५ साली ‘शा-१’ ही रीत प्रसिद्ध झाली. ‘शा-१’ची खूण लिहून काढली तर चाळीस चिन्हांची होते, मजकूर एका ओवीचा असो की सबंध महाभारताचा.

२००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ‘गिट’ हे साधन लिहिले. त्यात साठवलेल्या प्रत्येक मजकुराची ओळख त्याचा अंगठा हीच आहे. फायलीला नाव काहीही द्या, तारीख काहीही असू द्या. अंगठा तोच असेल तर मजकूर तोच. तरीही वेगासाठी ‘गिट’लाही पुष्पिकेचा मोह पूर्णपणे सोडता आला नाही. हजारो फायली दर वेळी वाचणे जड जाते, म्हणून ते एका वहीत प्रत्येक फायलीचा आकार आणि वेळ टिपून ठेवते; दोन्ही जुळले तर फाईल बदलली नाही असे मानते. यात एक बारीक फट होती. वही लिहिली गेली त्याच क्षणात, आकार तोच ठेवून, फाईल बदलली तर? आकार जुळेल, वेळ जुळेल, आणि बदल अदृश्य होईल.

या फटीवर योजलेला उपाय आम्हाला पाठचिकित्सेचा आदर्श नमुना वाटतो. फायलीवरची वेळ वही लिहिल्याच्या वेळेइतकीच किंवा तिच्यानंतरची असेल, तर त्या तारखेवर विश्वास ठेवायचा नाही. फाईल उघडून मजकूर वाचायचा. तारीख निःसंशय असेल तिथे ती मानावी, ती शंकास्पद असेल तिथे पाठ वाचावा. सगळ्या पोथ्या सगळा वेळ वाचणे कोणालाच शक्य नसते. कोणत्या वाचल्याच पाहिजेत हे ओळखणे हीच संपादकाची विद्या, आणि ती इथे काही ओळींच्या नियमात बसवलेली आहे.

अंगठाही अखेरचा शब्द नव्हे. २०१७ च्या फेब्रुवारीत ॲम्स्टरडॅमची एक संशोधनसंस्था आणि गूगल यांच्या संशोधकांनी ‘शा-१’चा अंगठा एकच असलेली दोन भिन्न कागदपत्रे घडवून दाखवली. ती मुद्दाम, प्रचंड गणनेने घडवलेली होती. सहज होणारी चूक ती नव्हे. तरी ग्रंथाग्राबद्दलचे आमचे मघाचे वाक्य इथे परत येते. खूण जुळली नाही तर बदल नक्की. खूण जुळली तर बदल नाही, असे ‘जवळजवळ’ नक्की. त्या ‘जवळजवळ’ची रुंदी किती ते रीतीवर अवलंबून असते.

ऱ्या आणि पानी

इथवरचे वाचून कोणाला वाटेल की मग यंत्राने आमचा प्रश्न सोडवला. आम्हालाही तसे वाटले होते. उरलेल्या संहितांचे अंगठे काढायला बसलो आणि मराठी आडवी आली.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्या’ संगणकावर दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात युनिकोडने दिलेले ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ‘या’. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि ‘या’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, वाचताना तर काडीचा फरक नाही. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे मजकूर आहेत. दोन टंकलेखकांनी दोन पद्धतींनी टंकलेली एकच संहिता यंत्राने पानोपानी बदललेली ठरवली. युनिकोडपूर्व फाँटांतून रूपांतरित केलेल्या फायलींची तऱ्हा आणखी निराळी. तिथे एक अक्षरही जुळत नव्हते, आणि वाचकाला मात्र नाटक तेच होते. वर्डसारख्या साधनात तर फाईल नुसती पुन्हा जतन केली तरी जतन केल्याची वेळ फायलीच्या पोटात लिहिली जाते, म्हणून अंगठा बदलतो. यासाठी आधी साधा मजकूर वेगळा काढावा लागला, ‘ऱ्या’ची रूपे एकसारखी करावी लागली, आणि मगच तुलनेला अर्थ आला.

उलट बाजूचे उदाहरण अधिक गंभीर आहे. एका फायलीत ‘पाणी’ आणि दुसरीत ‘पानी’ असे होते. यंत्राने नम्रपणे कळवले की एक अक्षर बदलले आहे. हा टंकदोष की झाडीबोली? आमच्या भागातल्या माणसाच्या तोंडी ‘ण’च्या जागी ‘न’च येतो. शहरी टंकलेखक शुद्धलेखनाच्या सवयीने ‘पानी’चा ‘पाणी’ करतो, आणि त्या एका काना-वेलांटीच्या शब्दात नटाची बोली पुसली जाते. इंग्रज ग्रंथसंपादक ग्रेग यांनी १९५० च्या सुमारास पाठभेदांची विभागणी करताना अर्थाला हात घालणारे भेद आणि केवळ लेखनाच्या सजावटीचे भेद असा फरक केला होता. त्यांच्या मोजपट्टीवर ‘न’ आणि ‘ण’ सजावटीत जमा होतील. झाडीपट्टीच्या नाटकात तो भेद म्हणजे पात्राची जात, गाव, वय आणि पात्राकडे पाहण्याची प्रेक्षकांची दृष्टी असतो. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनंतर गळालेले अनुस्वार एखाद्या संपादकाने सरसकट काढले तर आम्ही हरकत घेणार नाही. बोलीतला ‘न’ काढला तर घेऊ.

म्हणजे बदल झाला की नाही, हे यंत्र सांगू शकते. आणि आता ते आपल्यापेक्षा कितीतरी अधिक विश्वासाने सांगते. कोणता बदल बदल म्हणून मोजायचा, हे आधी कोणीतरी ठरवून द्यावे लागते. बदललेल्या दोहोंपैकी कोणते ठेवायचे, हे नंतर कोणीतरी ठरवावे लागते. या दोन्ही ठिकाणी एकनाथांचा कान लागतो. अभियंत्यांनाही ते ठाऊक आहे. ‘डिफ’ फरक मांडतो, निवाडा करीत नाही. मधल्या जागेत, जिथे थकल्या डोळ्यांनी हजारो ओळी ताडून पाहायच्या असतात आणि पुष्पिकेवर विसंबण्याचा मोह होतो, तिथे यंत्राचा आधार नाकारणे हा मात्र नुसता हट्ट होईल. आम्ही तो केला आणि एक संवाद गमावला.

आता आमची रीत बदलली आहे. आलेली प्रत्येक फाईल, तिच्यावरची तारीख कोणतीही असो, आधी वेगळी ठेवली जाते. साध्या मजकुराचा अंगठा काढून तो एका जाड वहीत, प्रत कोणाकडून आणि कोणत्या गावच्या प्रयोगानंतर आली या नोंदीसह, शाईने लिहिला जातो. अंगठा आधीच्या कोणाशी जुळला तर प्रत तीच. न जुळला तर दोन्ही प्रतींतले फरक छापून एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने प्रॉम्प्टरच्या वहीवर बोट ठेवून ऐकायचे. निर्णय झाला तरी कोणतीच प्रत काढून टाकायची नाही. होळीनंतर हंगाम संपतो आणि मंडळ्या आपापल्या वह्या बांधून ठेवतात, तेव्हा आम्ही त्या मागायला जातो. यंदाही जाऊ. त्या वृद्ध कलावंताबरोबर काम केलेला एखादा नट तो संवाद अजून म्हणत असेल आणि कोणाच्या तरी वहीच्या समासात तो उतरला असेल, तर या खेपेला तारीख पाहून आम्ही तो टाकून देणार नाही.